वस्तऱ्यावर पुन्हा पुन्हा गंज येतोय? पातं घासायच्या आधी मूठ तपासा

जुना वस्तरा आणला, पॉलिश पेपरने घासून लखलखीत केला, धार लावली, तेलाचा हात फिरवून कपाटात ठेवला. पावसाळ्यात उघडून पाहिला तर पात्यावर तांबूस-काळे डाग परत हजर. पुन्हा घासला, पुन्हा तेल लावलं, पुन्हा तेच. जुने वस्तरे दुरुस्त करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते आणि तिचं खापर हवेवर फुटतं. मुंबईत किंवा कोकणात राहणारे तर दुसरं कारण शोधायच्या भानगडीतही पडत नाहीत. हवा दमट, पोलाद कार्बनचं, मग गंज येणारच, असं म्हणून मोकळे होतात.

हवेचा हात त्यात असतो हे खरं. पण त्याच कपाटात, त्याच तेलावर ठेवलेला दुसरा वस्तरा स्वच्छ राहतो आणि हा एकच सारखा गंजतो, तेव्हा दोष पात्याबाहेर शोधायला हवा. अशा वेळी तो बहुतेकदा मुठीत सापडतो. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकची असेल आणि ती कुजायला लागली असेल, तर पातं कितीही वेळा घासलं तरी उपयोग नाही. उलट दर खेपेला थोडं पोलाद कमी होतं, शिक्का पुसट होतो आणि एक चांगला वस्तरा हळूहळू वाया जातो. म्हणून कागद हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं निदानाला द्या.

गंजाची जागा काय सांगते

वस्तरा उजेडात धरून डाग नेमके कुठे आहेत ते बघा. फक्त धारेच्या कडेला आणि टोकाला बारीक ठिपके असतील तर दाढीनंतर पातं नीट कोरडं होत नाहीये. मऊ कापडाने पुसून, चामड्याच्या पट्ट्यावर चार-सहा हात मारून ठेवलं की हा प्रश्न मिटतो. गंज फक्त खिळीभोवती, म्हणजे जिथे पातं मुठीला जोडलेलं असतं तिथे असेल, तर सांध्यात पाणी शिरतंय. वस्तरा नळाखाली धुण्याची सवय असेल तर ती सोडा. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि पातं दहा-बारा वेळा उघडबंद करा. सगळ्या पात्यावर एकसारखा करडा-तपकिरी थर आला असेल आणि तुम्ही त्याआधी लिंबू, व्हिनेगर किंवा बाजारातलं गंज काढायचं द्रावण वापरलं असेल, तर आम्ल पुरतं धुतलं गेलेलं नाही.

चौथी खूण महत्त्वाची. वस्तरा मिटल्यावर पात्याचा जो भाग मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधे जातो तेवढाच गंजलेला, आणि बाहेर राहणारी मान आणि शेपूट मात्र स्वच्छ. कधी कधी तर पट्टीच्या कडेची रेषाच पात्यावर उमटलेली दिसते. ही खूण दिसली की संशय थेट मुठीवर. मान म्हणजे पात्यामागचा तो जाड भाग ज्यावर कारखान्याचा शिक्का असतो, आणि शेपूट म्हणजे बोट टेकवायचा मागचा वळलेला दांडा.

मूठ कुजते म्हणजे काय होतं

सेल्युलॉइड म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला सेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढच्या काही दशकांत इंग्लंडमधलं शेफिल्ड, जर्मनीतलं झोलिंगेन आणि अमेरिकेतले कारखाने सगळीकडे वस्तऱ्यांच्या मुठी त्याच्या होऊ लागल्या. हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंग, शिंपला, हवी ती नक्कल त्यात स्वस्तात करता यायची. त्यामुळे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात हाती लागणाऱ्या वस्तऱ्यांत सेल्युलॉइडच्या मुठी भरपूर निघतात.

हा पदार्थ मुळातच टिकाऊ नाही. उष्णता आणि ओलावा मिळाला की त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सुटतात. हवेतल्या ओलाव्याशी त्यांचा संयोग होऊन नायट्रिक आम्ल बनतं आणि तेच आम्ल उरलेलं सेल्युलॉइड आणखी वेगाने कुजवतं. एकदा सुरुवात झाली की ती थांबत नाही, वेग वाढतच जातो. मिटलेल्या वस्तऱ्यात दोन पट्ट्यांमधली जागा जेमतेम काही मिलिमीटरची. वायू तिथेच कोंडतो आणि पात्यावर बसतो. पावसाळ्यात गंज दिसतो तो याचमुळे: ओलावा वाढतो तशी आम्लाची निर्मितीही वाढते. निरीक्षण बरोबर असतं, निदान तेवढं चुकतं.

सगळं सेल्युलॉइड सारखं वाईट नसतं. हस्तिदंताची नक्कल करणाऱ्या अपारदर्शक पांढऱ्या मुठींत बहुधा झिंक ऑक्साइडची भर असते आणि ती सुटणारं आम्ल काही प्रमाणात शोषून घेते. अशा मुठी शंभर वर्षांनंतरही ठणठणीत दिसतात. खरी धास्ती घ्यायची ती पारदर्शक, मधाच्या रंगाच्या आणि कासवाच्या पाठीची नक्कल असलेल्या मुठींची.

पात्यावरच्या शिक्क्यावरून काळाचा अंदाज येतो. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं १८९१ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असं कोरलेलं पातं बहुतेक त्यानंतरचं, म्हणजे ऐन सेल्युलॉइडच्या काळातलं. पण पात्याचं वय म्हणजे मुठीचं वय नव्हे. जुन्या शेफिल्ड पात्यांना मागाहून नव्या मुठी बसवलेल्या पुष्कळ दिसतात. शिक्क्यावर विसंबू नका, मूठच तपासा.

तीन चाचण्या, आणि एक अजिबात न करायची

पहिली चाचणी नाकाची. मुठीची एक पट्टी अंगठ्याने जोरात चोळा, चांगली गरम होईपर्यंत, आणि लगेच हुंगा. कापराचा वास आपल्या घरांत कुणाला शिकवावा लागत नाही. तो आला तर मूठ सेल्युलॉइडची आहे. त्यात नाकाला झोंबणारा आंबट-तिखट वास मिसळला असेल तर ती कुजायलाही लागली आहे. गंधकाचा, म्हणजे जळक्या रबरासारखा वास आला तर ती एबोनाइटची, म्हणजे गंधकाने कडक केलेल्या रबराची. एबोनाइटमधूनही गंधकाची संयुगं सुटतात आणि पातं काळवंडतं, पण सेल्युलॉइडइतका विध्वंस ते सहसा करत नाही.

दुसरी चाचणी डोळ्यांची. मुठीला घाम फुटल्यासारखा चिकट ओलावा, आतून धुरकटपणा, खिळीभोवती हिरवट डाग आणि बारीक भेगांची जाळी. शेवटच्या टप्प्यात मूठ खडीसाखरेसारखी चौकोनी तुकड्यांत तडकते.

तिसरी शाळेतल्या प्रयोगशाळेतली. निळा लिटमस कागद बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने ओलसर करा आणि झाकणाच्या काचेच्या बरणीत मुठीजवळ, पण तिला न टेकवता लटकवा. दुसऱ्या तशाच रिकाम्या बरणीत दुसरा कागद ठेवा. एक-दोन दिवसांत मुठीजवळचा कागद तांबडा झाला आणि दुसरा निळाच राहिला तर आणखी पुराव्याची गरज नाही. ही चाचणी जास्त दिवस लांबवू नका आणि बरणी उन्हात ठेवू नका.

आता न करायची चाचणी: तापवलेली सुई टोचून बघणं. सेल्युलॉइड क्षणात पेट घेतं, आणि ज्वाला हाताजवळ असते. जुने चित्रपट याच जातीच्या नायट्रेट फिल्मवर असत आणि त्या फिल्मच्या आगी कुप्रसिद्ध आहेत. सुईवाल्या सल्ल्याकडे पूर्ण दुर्लक्ष करा.

मूठ कुजते आहे हे ठरलं की ती काढायचीच. आतून वार्निश मारून किंवा मेण चोपडून ती वाचवता येते असं काही जण सांगतात, मला ते पटत नाही. वायू आतच तयार होतो, वरचा थर त्याला फार तर कोंडून धरतो. काढलेली मूठ इतर वस्तऱ्यांच्या डब्यात ठेवू नका, कारण एक कुजकी मूठ शेजारच्या चांगल्या पात्यांनाही गंज लावते. नमुन्यासाठी ती हवीच असते, तेव्हा तात्पुरती उघड्या हवेत, थंड जागी, आगीपासून लांब ठेवा. काम झालं की कचऱ्यात जाळली जाईल अशी टाकू नका.

मूठ काढणं आणि पातं निर्धास्त करणं

खिळीचं फुगवलेलं डोकं बारीक कानशीने सपाट करा, वायसर सुटेल. जुने वायसर जपून ठेवा, घुमटाच्या आकाराचे तसे सहज मिळत नाहीत. मग पातळ पंचाने खीळ हलक्या हाताने बाहेर ढकला. खाली मधे भोक असलेला लाकडी ठोकळा हवा, नाहीतर पट्टी तडकेल. धारेवर आधीच कागदी टेप लावा, काम संपेपर्यंत ती काढू नका.

पातं साबणाने धुवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात तासभर ठेवा, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच पूर्ण कोरडं करा. हा टप्पा वगळला तर खड्ड्यांत बसलेलं आम्ल नव्या मुठीतही आपलं काम चालू ठेवतं. नंतर ४०० नंबरचा वॉटर पेपर लाकडी गुटक्यावर गुंडाळून तेलात घासा, मग ६००, १०००, २०००. पातं सपाट लाकडावर टेकवून पाठीकडून धारेकडे जायचं, धारेकडून आत कधीही नाही. शिक्क्यावर आणि सोनेरी मुलाम्यावर कागद फिरवू नका. मुलामा इतका पातळ असतो की दोन हातांत निघून जातो.

प्रत्येक खड्डा काढायचा हट्ट नको. पात्याच्या मधल्या भागातले खड्डे राहिले तरी दाढीला काही फरक पडत नाही. धारेपर्यंत पोहोचलेले मात्र धार लावताना कडा मोडतात. बफिंगच्या मोटारीवर वस्तरा धरू नका: चाक पातं हिसकावून फेकतं, आणि पातळ धार क्षणात २०० अंशांपुढे तापून निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. तो परत आणता येत नाही.

नवी मूठ कशाची करायची

पहिल्यांदा करणाऱ्यांना माझा सल्ला हायलम शीटचा, म्हणजे राळेत दाबून पक्क्या केलेल्या कागदाच्या किंवा कापडाच्या कडक शीटचा. इलेक्ट्रिकल आणि यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानांत २.५ ते ३ मिलिमीटर जाडीची मिळते. पाण्याने फुगत नाही, वाकत नाही, कानशीला छान येते. कापडाची हायलम घासली की तिची विणही सुरेख दिसते. तिची धूळ मात्र छातीला वाईट, मास्कशिवाय घासू नका. अॅक्रिलिकही चालतं. पण पाट्या बनवणाऱ्यांकडचा सनबोर्ड किंवा पीव्हीसीचा कुठलाही तुकडा वापरू नका. पीव्हीसी कुजताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

म्हशीचं शिंग हा सर्वांत देखणा पर्याय आणि जुन्या वस्तऱ्यांशी इमान राखणारा. सेल्युलॉइडच्या आधीच्या कित्येक शेफिल्ड मुठी शिंगाच्याच आहेत. उत्तर प्रदेशात संभळला शिंगकामाची मोठी परंपरा आहे आणि तिथल्या पट्ट्या देशभर जातात. शिंग उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि कपड्यांसारखीच त्याला कसर लागते. म्हणून मधून मधून लिक्विड पॅराफिनचा हात फिरवावा लागतो. लाकडात शिसवी उत्तम. खैर आणि बाभळीत टॅनिन जास्त, ओलाव्यात लोखंडाला काळे डाग पडतात. लाकडाला आतून-बाहेरून जवसाचं तेल द्या आणि ते पुसलेली चिंधी चुरगाळून टाकू नका, पसरून वाळवा. गोळा करून ठेवलेली चिंधी आपोआप पेटू शकते.

हस्तिदंत, कासवाची पाठ, सांबर-चितळाची शिंगं यांचा विचारही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांचा व्यापार गुन्हा आहे, आणि जंगलात गळून पडलेलं शिंगही त्याला अपवाद नाही.

आखणी, पाचर, खीळ

जुनी मूठ पुठ्ठ्यावर ठेवून आकार काढून घ्या. ती तुकडे झालेली असेल तर पात्यावरूनच आकार ठरवा. पुठ्ठ्याची पट्टी कापा, खिळीच्या जागी टाचणी टोचून पातं अडकवा आणि मिटवून बघा. धार पूर्ण आत जायला हवी आणि पात्याचं टोक मागच्या पाचरीला, म्हणजे मागच्या टोकाला पट्ट्यांमधे बसणाऱ्या तुकड्याला, लागता कामा नये. पुठ्ठ्यावर चूक दुरुस्त करायला पैसे पडत नाहीत.

दोन्ही पट्ट्या दुतर्फी टेपने एकमेकींना चिकटवून एकदमच कापा, एकदमच भोकं पाडा. भोक १.६ मिलिमीटरचं आणि अगदी काटकोनात हवं, म्हणून शक्यतो स्टँडवरच्या ड्रिलने. खिळीसाठी १६ गेजची पितळी तार. तिचा व्यास जवळजवळ एवढाच असतो आणि ती तांब्या-पितळेच्या कुठल्याही दुकानात मिळते. पुण्यात बोहरी आळीत फिरलात तर तार, ड्रिल आणि कानस एकाच फेरीत होतात. पात्याचं भोक झिजून मोठं झालं असेल तर त्यात पितळी नळीचा तुकडा बसवा.

पाचर हा मुठीतला सर्वांत छोटा भाग आणि सर्वांत जास्त बिघाडांचं मूळ. मागच्या टोकाला दोन पट्ट्यांमधे ती बसते. पुढची बाजू, म्हणजे पात्याकडची, साधारण ३ मिलिमीटर आणि टोकाकडची २ मिलिमीटर, असा उतार ठेवा. नेमकं माप पात्याच्या मानेच्या जाडीवरून ठरतं. या उतारामुळे पट्ट्या मधे किंचित बाहेर फुगतात, पात्याला जागा मिळते आणि सांध्यात ताण राहतो. पाचर सगळीकडे सारख्या जाडीची केली तर पट्ट्या मधे आत येतात आणि पातं मिटताना घासतं.

पक्की खीळ मारण्याआधी १.६ मिलिमीटरच्या स्क्रू-नटांवर सगळं जोडून बघा. मिटवलेलं पातं मधोमध बसत नसेल तर स्क्रू सोडवून मूठ लांबीच्या अक्षावर उलटी करा आणि पातं दुसऱ्या बाजूने आत घ्या. आता ते पहिल्याच पट्टीला टेकलं तर दोष मुठीत: पाचर एका कडेला जाड आहे किंवा भोक तिरकं आहे. बाजू बदलून दुसऱ्या पट्टीला टेकलं तर पातंच वाकडं. पाचरीची चूक पॉलिश पेपरवर चार हात मारून निघते. वाकड्या पात्याला ठोकून सरळ करायला जाऊ नका, ते मोडतं. पाचरीच्या कडा किंचित कमीजास्त करून त्याला मधे आणता येतं, आणि तेवढं पुरतं.

खीळ मारताना वायसरच्या वर तार जेमतेम १ मिलिमीटर ठेवा, ऐरणीवर टेकवा आणि सोनाराकडच्यासारख्या छोट्या, गोल तोंडाच्या हातोडीने पुष्कळ हलके ठोके द्या. एकदा ही बाजू, एकदा ती. मधे मधे पातं उघडून बघत राहा. उघडं पातं आपल्या वजनाने पडत नाही आणि अंगठ्याने सहज फिरतं, तिथे थांबा. शिंगाच्या मुठी बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन जास्तीच्या ठोक्यांनीच तडकतात. भोकापासून रेषेने भेग जाते आणि सगळी पट्टी पुन्हा करावी लागते.

त्यानंतर धार. १०००, ४०००, ८००० च्या दगडांवर पाठ आणि धार दोन्ही टेकवून, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. त्याचं तंत्र हा वेगळा मोठा विषय आहे. जुना वस्तरा वापरायच्या आधी स्पिरिटने निर्जंतुक करा आणि तो एकट्यानेच वापरा.

वस्तऱ्याचा जुना पुठ्ठ्याचा किंवा चामड्याचा डबा असेल तर त्यात दुरुस्त केलेलं पातं परत घालू नका. कुजक्या मुठीचं आम्ल त्याच्या अस्तरात मुरलेलं असतं. डबा शोभेला ठेवा, वस्तरा सुती कापडात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर, न्हाणीघराबाहेर. पहिल्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा पट्ट्यांमधला भाग उजेडात बघा. तरीही डाग आलाच आणि तो खिळीपाशी असेल तर सांध्यात तेल घाला. पात्याच्या मधे असेल तर सोड्याची अंघोळ कमी पडली आहे: खीळ काढून पातं पुन्हा सोड्यात ठेवा, मूठ तीच राहू द्या.